पेटी आणि कागद : निर्यातीतील साहाय्यक सेवांचा समन्वय

नाशिकहून द्राक्षांचा एक कंटेनर रॉटरडॅमला पोचवायचा तर विकणारा आणि घेणारा हे दोघे सोडून डझनाहून अधिक संस्थांचा त्याला हात लागतो. कृषी खात्याचे तालुका कार्यालय, उर्वरित अंश तपासणारी प्रयोगशाळा, पॅकहाऊस, ॲगमार्कचे अधिकारी, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र देणारी यंत्रणा, ट्रेलरवाला, कस्टम्स ब्रोकर, फ्रेट फॉरवर्डर, जहाज कंपनी, बंदरातले टर्मिनल, सीमाशुल्क विभाग, बँक, विमा कंपनी आणि शेवटी पलीकडच्या किनाऱ्यावर पेट्या उघडून पाहणारा सर्वेक्षक. यांतला एकही जण द्राक्षाचा मालक नसतो. तरीही यांतला कोणीही एक दिवस थांबला तर मालकाचे वर्षभराचे कष्ट थांबतात. देशाची सीमा ओलांडणाऱ्या व्यवहाराला लागणाऱ्या अशा सेवांना साहाय्यक सेवा म्हणतात. त्या एकमेकींशी जुळवून घेण्याचे काम म्हणजे त्यांचा समन्वय, आणि तोच या प्रस्तावनेचा विषय आहे.

हा विषय सगळ्याच मालाला लागू पडतो. यंत्रे असोत, कापड असो, औषधे असोत किंवा परदेशात उभारायचा एखादा कारखाना असो, रचना थोड्याफार फरकाने हीच असते. इथे मात्र ताज्या फळाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. यंत्र गोदामात महिनाभर पडून राहिले तर भाडे वाढते. द्राक्ष पडून राहिले तर द्राक्षच उरत नाही. समन्वयातली चूक फळावर काही दिवसांत दिसते आणि कोणालाही झाकता येत नाही. शिवाय युरोपला जाणाऱ्या भारतीय द्राक्षांचा फार मोठा हिस्सा महाराष्ट्रातून, त्यातही नाशिक जिल्ह्यातून जातो. या कामाचा तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव मराठी माणसांच्या गाठीशी आहे आणि तो नीट मांडून ठेवण्याजोगा आहे.

काम जुने आहे, नावे बदलत आली. मुंबई बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांना पाणी, धान्य, हमाल, होड्या मिळवून देणारा आणि कप्तानाचे बाजाराशी बोलणे घडवून आणणारा मध्यस्थ ‘दुबाश’ म्हणून ओळखला जाई. शब्दाचे मूळ ‘दोन भाषा जाणणारा’ असे आहे, आणि मुंबईत ते आडनाव होऊन बसले. गोदीत माल उतरवून घेणारे आणि चढवणारे मुकादम त्याच साखळीतले. पुढे सीमाशुल्काचे कागद सांभाळणाऱ्याला परवाना लागू लागला आणि ‘कस्टम हाऊस एजंट’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीएचए, आला. 2013 च्या नियमांनी त्याचे अधिकृत नाव कस्टम्स ब्रोकर केले. बंदरावर मात्र आजही त्याला सीएचएच म्हणतात. दुबाशाच्या नावातच त्याच्या कामाचा गाभा होता. शेतकऱ्याला ‘प्लॉट’ कळतो, जहाज कंपनीला ‘बुकिंग’ कळते, बँकेला ‘दस्तऐवज’ कळतो. एकाची भाषा दुसऱ्याला समजावून देणारा कोणीतरी मधे लागतो. आता भाषा दोनाच्या दहा झाल्या आहेत, एवढाच फरक.

या कामात नव्याने शिरणाऱ्याची पहिली चूक दिनदर्शिका वाचण्यात होते. तो कापणीपासून पुढे मोजतो: माल तयार झाला, आता गाडी बघू, मग जहाज बघू. अनुभवी माणूस उलटा मोजतो. युरोपातल्या दुकानात माल कोणत्या आठवड्यात हवा, इथून सुरुवात. त्यामागे वितरण केंद्रातली तपासणी, त्यामागे रॉटरडॅमला जहाज लागण्याची तारीख, त्यामागे समुद्रातले दिवस, त्यामागे न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, म्हणजे ‘कट-ऑफ’. त्यामागे पॅकहाऊसमधले पूर्वशीतकरण, त्यामागे कापणी. एवढ्यावरही मोजणी संपत नाही. कापणीच्या साधारण चार महिने आधी गोडी छाटणी झालेली असते आणि तिची तारीख बदलता येत नाही. म्हणून ऑक्टोबरात छाटणी केव्हा करायची हा निर्णय दिसायला शेतीचा असला तरी खरे पाहता तो मार्चमधल्या जहाजाचा निर्णय असतो. ज्या गटांत ही गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोचते तिथे माल टप्प्याटप्प्याने तयार होतो. जिथे पोचत नाही तिथे एकाच आठवड्यात सगळ्यांचे घड पिकतात आणि शीतगृहाच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते.

पुढचा टप्पा तपासणीचा, आणि समन्वयाच्या दृष्टीने तोच सर्वांत शिकवणारा आहे. युरोपीय संघाने प्रत्येक कीटकनाशकाची, बुरशीनाशकाची आणि वाढनियंत्रकाची फळातली कमाल मर्यादा ठरवली आहे. ज्या द्रव्यासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. ती ओलांडलेला माल एका देशात सापडला की धोक्याची सूचना संघातल्या सगळ्या देशांना जाते. एका बागेतल्या एका फवारणीची झळ त्यामुळे सगळ्या देशाच्या मालाला बसू शकते. यावर उपाय म्हणून ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या निर्यात विकास प्राधिकरणाने 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय साखळी सुरू केली. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तिची शास्त्रीय बाजू सांभाळली.

ग्रेपनेटची रचना समजून घेण्यासारखी आहे. बागेची नोंदणी कृषी कार्यालयात होते आणि प्लॉटला क्रमांक मिळतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत जाऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने आणून दिलेला नमुना चालत नाही. अहवाल थेट संगणकात चढतो. प्लॉट उत्तीर्ण झाला तरच पॅकहाऊसला त्या क्रमांकाचा माल निर्यातीसाठी भरता येतो, पॅकहाऊसची नोंद झाली तरच ॲगमार्कचे प्रमाणपत्र निघते आणि ते निघाले तरच ‘फायटो’, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, मिळते. प्रत्येक खात्याचे कुलूप आधीच्या खात्याच्या किल्लीने उघडते. यात कोणाचेही खाते मोडले नाही, कोणाचे अधिकार काढून घेतले नाहीत; एका खात्याचा निकाल दुसऱ्याला आपोआप दिसेल एवढेच केले. पूर्वी हे कागद माणसांच्या हातांनी फिरत आणि मधल्या मधे क्रमांकांची अदलाबदल होण्याला वाव राही. पेटीवरच्या क्रमांकावरून उलट मागे जात बागेपर्यंत पोचता येणे हे भारतीय शेतमालाच्या बाबतीत तेव्हा मोठेच पाऊल होते.

तरीही 2010 साल उजाडले. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेहून जास्त सापडले. बागाईतदार हे द्रव्य खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखण्यासाठी, काडीत घड चांगले धरावेत म्हणून वापरत. ते वेलीत बराच काळ टिकून राहते. भारतातल्या तपासणीच्या यादीत त्या वेळी हे द्रव्य नव्हते. बागेची नोंदणी झालेली, नमुना घेतलेला, अहवाल स्वच्छ, ॲगमार्क मिळालेले, फायटो जोडलेले, आणि तरीही माल नाकारला गेला. कंटेनर बंदरांत अडकले, निर्यातदारांचे पैसे बुडाले, आणि त्याखालोखाल ज्यांनी उधारीवर माल दिला होता त्या शेतकऱ्यांचे. कित्येक घरांनी त्या एका हंगामाचे कर्ज पुढे अनेक वर्षे फेडले.

या घटनेचा दोष एखाद्या कोपऱ्यात ढकलता येत नाही, आणि तसे ढकलले तर तिच्यातून काही शिकताही येत नाही. प्रयोगशाळेने तिला दिलेल्या यादीप्रमाणे काम केले. बागाईतदाराने वर्षानुवर्षे वापरात असलेले औषध वापरले. खरेदीदाराने त्याच्या देशाच्या कायद्याप्रमाणे तपासले. बागेत प्रत्यक्षात काय फवारले जाते याची माहिती यादी तयार करणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट कोणाच्याच कामाच्या वर्णनात नव्हती. साखळीतली प्रत्येक कडी शाबूत होती, सांधा नव्हता. पुढच्या हंगामापासून हे द्रव्य यादीत आले आणि त्याचा वापर टाळण्याचा सल्ला बागाबागांत पोचवला गेला. समन्वयकाने घ्यायचा धडा मात्र त्याहून मोठा आहे. माहिती दोन्ही दिशांनी वाहावी लागते. वरून खाली नियम येतात तशी खालून वर वापराची खरी हकीकत गेली पाहिजे, नाहीतर सर्वांत चांगली यंत्रणाही ठरलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देत राहते.

पॅकहाऊसमध्ये वेळेचे एकक बदलते. बागेत आठवडे मोजले जात होते, इथे तास. कापलेल्या घडातली बागेची ऊब जितक्या लवकर काढता येईल तितके त्याचे आयुष्य वाढते. म्हणून कापणी सकाळच्या गारव्यात आटोपतात, घड निवडून, मणी कातरून, पेट्या भरून काही तासांच्या आत पूर्वशीतकरणाच्या खोलीत नेतात आणि पुढे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास साठवतात. पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालतात. पॅकहाऊसमध्ये त्याला ‘ग्रेप गार्ड’ म्हणतात. बुरशीला तोच रोखून धरतो. नवख्यांचा एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. रीफर कंटेनर हा फिरता फ्रीज आहे, गरम माल आत टाकला की तो थंड करून देईल, असे अनेकांना वाटते. त्याची ताकद थंड माल थंड ठेवण्यापुरती असते. पॅकहाऊसमध्ये गमावलेले चार तास समुद्रात भरून निघत नाहीत.

लाकडी पॅलेटची गोष्ट छोटी आहे, पण तिच्यावरूनही माल अडतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते गाभ्यापर्यंत 56 अंशाला 30 मिनिटे तापवलेले असावे लागते आणि त्यावर तसा ठसा लागतो. फळ निर्दोष, ठसा अस्पष्ट, आणि कंटेनर बाजूला. पॅलेट पुरवणाऱ्याला आपण निर्यातीच्या साखळीतला दुवा आहोत हे बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते.

नाशिक ते न्हावाशेवा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर पाच तासांचा रस्ता. कसाऱ्याचा घाट, भिवंडीचा परिसर आणि बंदराच्या दारातली रांग धरली तर किती, हे त्या रात्रीवर अवलंबून. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि नाशिकच्या द्राक्षाला समुद्र जवळ आला. परंतु अंतर आणि वेळ यांतली तफावत भरून काढणे हेच वाहतुकीच्या समन्वयाचे काम आहे. ट्रेलरला वीज पुरवणारा जनरेटर जोडलेला असावा लागतो, त्यात डिझेल पुरेसे असावे लागते, आणि चालकाला तापमानाचा आकडा वाचता यायला हवा. रस्त्यात जनरेटर बंद पडला तर फोन कोणाला करायचा हे त्याच्या खिशातल्या कागदावर लिहिलेले असेल तर दुरुस्तीवाला वाटेतच भेटतो. नसेल तर चालक आधी मालकाला, मालक एजंटाला, एजंट निर्यातदाराला असे फोन करत राहतो आणि तोवर आतले तापमान चढत असते. खर्च दोन्हीकडे सारखाच, फरक एका ओळीचा.

बंदरावर कागदाचे राज्य सुरू होते. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 50 खाली शिपिंग बिल भरायचे आणि कलम 51 खाली माल चढवण्याची परवानगी, म्हणजे ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’, मिळवायची. 1 जुलै 2016 पासून समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन जहाज कंपनीला आधी कळवावे लागते. त्यावाचून तो जहाजावर चढत नाही. शिपिंग बिलावर, बीजकावर, पॅकिंग लिस्टवर, फायटोवर आणि बिल ऑफ लेडिंगवर पेट्यांची संख्या, वजन, कंटेनरचा क्रमांक आणि घेणाऱ्याचे नाव तंतोतंत एकच असले पाहिजे. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात हे पाच कागद पाच ठिकाणी, पाच माणसे, वेगवेगळ्या वेळी तयार करतात. पॅकहाऊसमध्ये शेवटच्या क्षणी दहा पेट्या खराब म्हणून बाजूला काढल्या तर ती बातमी रात्रीतून सीएचएच्या टेबलावर पोचली पाहिजे. ती पोचली नाही तर सकाळी कागद एक सांगतो आणि कंटेनर दुसरे. मुद्रितशोधन जसे लेखकाने स्वतः करू नये, तसे कागदांचे मेळवणेही ते तयार करणाऱ्याने करू नये. त्यासाठी वेगळा डोळा ठेवलेला बरा.

बँकेपाशी ही शिस्त आणखी कडक होते. पतपत्रावर व्यवहार असेल तर बँका मालाचा नव्हे, कागदांचा विचार करतात. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या 2007 पासून लागू असलेल्या नियमावलीत, जिला यूसीपी 600 म्हणतात, हे स्पष्ट लिहिले आहे. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवस मिळतात. फळाच्या व्यापारात मात्र पतपत्र कमीच दिसते. पुष्कळ माल किमान हमी दरावर किंवा विक्रीनंतर हिशोब या बोलीवर जातो, म्हणजे अंतिम भाव तिकडे पेट्या उघडल्यावर ठरतो. अशा वेळी रॉटरडॅमच्या सर्वेक्षकाचा अहवाल हाच खरा हुंडीचा कागद. तो सर्वेक्षक कोणी नेमायचा, त्याने किती पेट्या उघडायच्या, किती तासांत अहवाल द्यायचा, हे जहाज निघण्यापूर्वी लेखी ठरलेले नसेल तर पुढे भांडायला आधारच राहत नाही. हे कलम करारात घालणे ही समन्वयाचीच जबाबदारी आहे. वकिलाकडे जाण्याची वेळ येईपर्यंत फळ शिल्लक राहत नाही.

जोखीम कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर कधी जाते हे ठरवणारी संक्षिप्त सूत्रे, इन्कोटर्म्स, आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानेच 1936 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. 2020 च्या आवृत्तीत ती अकरा आहेत. त्यांतल्या सीआयएफ या सूत्राने हमखास गोंधळ होतो. त्यात विकणारा रॉटरडॅमपर्यंतचे भाडे आणि विमा भरतो, म्हणून तिथपर्यंतची जबाबदारीही त्याचीच असे सगळे धरून चालतात. नियमाप्रमाणे जोखीम माल न्हावाशेव्याला जहाजावर चढतो तेव्हाच घेणाऱ्याकडे जाते. भाडे एकाचे आणि जोखीम दुसऱ्याची, ही स्थिती फॉरवर्डर, विमावाला आणि हिशोबनीस या तिघांनाही ठाऊक असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती फक्त फॉरवर्डरला ठाऊक असते.

विम्याबाबत तर गैरसमजाची किंमत अलीकडच्या वर्षांत चांगलीच कळली. 23 मार्च 2021 रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस वाट बंद राहिली. साडेतीनशेहून अधिक जहाजे खोळंबली. नाशिकचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. त्या जहाजाच्या मालकांनी पुढे ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले, म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात त्यावरच्या प्रत्येक मालधन्याने वाटा उचलायचा आणि तशी हमी दिल्याशिवाय माल सुटायचा नाही. ज्याचा विमा होता त्याच्या वतीने विमा कंपनीने हमी देणे शक्य होते. विमा नसलेल्याला रोख उभी करण्यावाचून मार्ग नव्हता. पुढे नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून नेली. 2024 च्या हंगामात द्राक्षांचा प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे चढले. इतका उशीर लागला की काही वाणांचे देठ तपकिरी पडतात, मणी सैल होतात. समुद्री विम्याच्या सर्वांत व्यापक समजल्या जाणाऱ्या प्रमाण अटींतही उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, उशिराचे कारण विम्यात धरलेले असले तरीही. पॉलिसी हाती असूनही भरपाई मिळत नाही हे पुष्कळांना माल खराब झाल्यावर कळले. ज्यांनी आधी ओळखले त्यांनी विम्यावर विसंबण्याऐवजी टिकाऊ वाण, कापणीच्या वेळचा पक्वपणा आणि ग्रेप गार्डची निवड बदलली. समुद्रावरच्या संकटाचे उत्तर त्यांनी बागेत शोधले, आणि बाग, पॅकहाऊस व फॉरवर्डर एकाच ठिकाणी बसून बोलत असल्यामुळे ते त्यांना सुचू शकले.

हे सगळे जुळवायचे कोणी? मोठ्या निर्यातदाराच्या कार्यालयात त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. लहान बागाईतदाराला तो परवडत नाही, आणि महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षबाग लहान बागाईतदाराचीच आहे. या प्रश्नाला इथल्या लोकांनी दिलेले उत्तर एकत्र येण्याचे होते. 1991 मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभारले. राज्याच्या कृषी पणन मंडळाचा त्याला आधार होता. सोसायट्यांनी माल आणि पॅकहाऊस सांभाळायचे, परदेशातली बाजारपेठ, तांत्रिक माहिती आणि जहाजाची व्यवस्था मध्यवर्ती संस्थेने पाहायची, अशी वाटणी झाली. पुढच्या पिढीत दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपात हेच सूत्र पुढे नेले. रूपे वेगळी असली तरी दोन्हीकडे साहाय्यक सेवांशी बोलणारा आवाज एक झाला. शंभर बागाईतदारांनी शंभर वेळा विचारलेला प्रश्न जहाज कंपनीच्या कानावर आदळून जातो. शंभर कंटेनरांच्या वतीने एकाने विचारला की त्याला उत्तर मिळते.

समन्वयकाकडे नेमके काय असावे याबद्दल अनुभवाने काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. त्याच्याकडे प्रत्येक कंटेनरचा एकच तक्ता असावा आणि सर्वांनी तोच पाहावा. त्याला थांबवण्याचा अधिकार असावा. पूर्वशीतकरण पुरे झालेले नसताना ‘गाडी दारात उभी आहे’ या सबबीवर कंटेनर भरला जात असेल तर नाही म्हणणारा तोच. आणि त्याला पलीकडच्या माणसाचे घड्याळ ठाऊक असावे. हंगामाच्या सुरुवातीला नेदरलँड्स भारताच्या साडेचार तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे पुढे सरकली की साडेतीन तास. ऐन गर्दीच्या दिवसांत तिकडची कार्यालये इथल्या हिशोबाने एक तास आधी उघडतात आणि एक तास आधी बंदही होतात. संध्याकाळी सुटलेला फोन दुसऱ्या दिवशी दुपारवर जातो.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू झाला आणि भारत त्यात सामील आहे. शिपिंग बिल आता संगणकावरून भरतात, अनेक खात्यांच्या परवानग्या एका खिडकीत आणण्याचे काम चालू आहे. याने वेळ वाचतो यात शंका नाही. परंतु एक खिडकी म्हणजे एक जबाबदार माणूस नव्हे. पोर्टलवर ‘प्रलंबित’ असा शब्द दिसतो. अर्ज का प्रलंबित आहे आणि कोणाकडे, हे शोधून काढायला अजूनही कोणीतरी उठून जावे लागते.

द्राक्षाच्या जोडीला आंब्याचे उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण त्यात एकाच सेवेवर सगळी साखळी किती टांगलेली असते ते दिसते. अमेरिकेने भारतीय आंब्याला जवळजवळ अठरा वर्षांनी, 2007 मध्ये दार उघडले. अट होती किमान 400 ग्रे मात्रेच्या विकिरणाची, आणि तेही अमेरिकी कृषी विभागाच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. लासलगावला कांद्यासाठी उभारलेले भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र त्यामुळे हापूसच्या कामी आले. पुढे 2020 मध्ये महामारी आली आणि निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत. आंबा होता, केंद्र होते, विमाने होती, अमेरिकेतले मराठी आणि गुजराती गिऱ्हाईक वाट पाहत होते. देखरेख करणारी व्यक्ती नव्हती, म्हणून दोन हंगाम निर्यात बंद राहिली. 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा देखरेखीची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे सोपवण्याचे ठरले.

तरीही कागदाचा सांधा उरलाच. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण होऊन विमानाने गेलेल्या आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे नाकारल्या गेल्या. विकिरणाच्या प्रक्रियेची नोंद असलेल्या एका फॉर्ममध्ये त्रुटी असल्याचे कारण देण्यात आले. परत आणायचे तर खर्च मालाच्या किमतीहून जास्त होता. निर्यातदारांनी ते आंबे तिथेच नष्ट करण्याचा पर्याय स्वीकारला.